काकूंची सुई आणि रिकामा वेळ

मागच्या भागात आपण गटाच्या कर्जाचे हप्ते आणि बँकेच्या कागदपत्रांवर बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ह्या ताईंना आज दुसरं काही सुचलं नाही वाटतं. आज आम्ही विणकामाबद्दल बोलणार आहोत. लोकर, क्रोशा, टोपडी, तोरणं. शिकवायला म्हणून नाही, ते रेडिओवरून अवघडच आहे. आमच्या गटातल्या एक काकू गेली वीसेक वर्षं नुसत्या आवडीपोटी विणतात. त्यांच्या विणकामावरून गेल्या वर्षी आमच्या गटात मोठा वाद झाला. तो तुमच्याही गटात कधी ना कधी होणार, म्हणून सांगायचा. काकूंना विचारूनच सांगतोय. "नाव घेऊ नका, बाकी काय सांगायचं ते सांगा," म्हणाल्या.

काकू सेनगावपासून आठ-दहा किलोमीटरवर राहतात. साडेतीन एकर जमीन, त्यातली निम्मी ओलिताची. एक म्हैस, घरात सहा माणसं. पहाटे साडेचारला उठायचं, पाणी भरायचं, शेणघाण, धारा, भाकऱ्या, डबे, मग शेत. संध्याकाळी परत चूल. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमचाही दिवस असाच जातो. मग काकू विणतात कधी? आम्ही मुद्दाम आठवडाभर लक्ष ठेवलं. एसटीची वाट बघताना विणतात. सेनगावच्या दवाखान्यात सासूबाईंना घेऊन आल्या की केसपेपर काढल्यापासून नंबर येईपर्यंत विणतात. लग्नात पंगत बसायला उशीर असेल तर विणतात. आमच्या गटाच्या बैठकीत तर विणतातच, आणि मागच्या महिन्यात कुणाचा किती हप्ता राहिला हे तरीही सगळ्यात आधी त्यांनाच आठवतं. रात्री सगळे झोपले की तासभर. सांजवेळी मात्र नाही. दिवेलागणीला सुई हातात धरू नये असं सासूबाईंनी सांगितलेलं आहे. काकू म्हणतात, "बरंच आहे की, तेवढ्या वेळात भाकऱ्या होतात."

त्यांची विणायची पिशवी बघण्यासारखी आहे. तांदळाच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली, आत दोन कप्पे. एकात सुया, दुसऱ्यात गुंडा. गुंडा आतच ठेवायचा आणि धागा तेवढा बाहेर काढायचा, म्हणजे तो फुफाट्यात लोळत नाही. त्यांच्या पहिल्या सुया सायकलच्या तारांच्या होत्या. तारा फरशीवर घासून टोकं गुळगुळीत केली होती, आणि टाके घसरू नयेत म्हणून मागच्या टोकाला लाखेचा गोळा. त्या सुया अजून आहेत. आता बाजारातल्या चांगल्या सुया आल्या, पण बारीक मोज्यांना काकू त्याच तारा काढतात.

शेतातल्या कामाप्रमाणे त्यांच्या विणकामालाही हंगाम आहे, हे आम्हाला त्यांच्याकडे बघूनच कळलं. उन्हाळ्यात लोकर हाताला घाम आणते, म्हणून चैत्र-वैशाखात सुती दोरा आणि क्रोशा. पावसाळ्यात दमट हवेत पांढऱ्या सुतावर डाग पडतात, तेव्हा रंगीत. दिवाळीनंतर लोकर. आणि जानेवारीपासून हळद निघायला लागली, शिजवणं, वाळवणं सुरू झालं की पांढरा दोरा थेट ट्रंकेत जातो. हात इतके पिवळे असतात की कितीही धुतले तरी टाक्यावर रंग उतरतो. त्या दोन-अडीच महिन्यांत काकू फक्त गडद रंगाचं विणतात. त्यांच्या घरात एक पिवळट झाक असलेला रुमाल आहे. तो डिझाईन म्हणून तसा नाही, तो हळदीचा आहे. त्यांनी तो टाकला नाही, देवाच्या ताटावर झाकायला ठेवलाय.

आता थोडं कामाचं सांगतो. आपण दुकानातून 'लोकर' म्हणून जे आणतो ते बहुतेक वेळा मेंढीची लोकर नसतंच. ते ॲक्रिलिक असतं, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. स्वस्त, रंग पक्का, धुवायला सोपं, म्हणून वाईट नाही. पण ते आगीजवळ वितळतं आणि अंगाला चिकटतं. तान्ह्या बाळाला शेक देताना, चुलीजवळ बसवताना ॲक्रिलिकचं टोपडं, मोजे काढून ठेवा. ओळखायचं कसं? बोटभर धागा तोडा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर खरी लोकर. कागद जळाल्याचा वास आला तर सूत. वितळून टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. दुसरं असं की गुंड्यावरच्या कागदाच्या पट्टीवर रंगाचा लॉट नंबर असतो. स्वेटरला लागतात तितके गुंडे एकाच लॉटचे एकदम घ्या. नंतर आणलेला तोच रंग दुकानात सारखा दिसतो आणि उन्हात पाठीवर पट्टा पडलेला दिसतो. आणि जुना स्वेटर फेकू नका. उसवलेली लोकर कुरळी होते, पण तिची लड करून ओली केली आणि खाली थोडं वजन बांधून वाळत टाकली की सरळ होते. काकूंच्या नातवाचा पहिला स्वेटर त्याच्या आजोबांच्या स्वेटरचा आहे.

मराठीत आपण मागावरच्या कापडालाही विणणं म्हणतो, बाजेच्या सुंभालाही विणणं म्हणतो आणि स्वेटरलाही. माग आणि बाज जुनी, सुयांवरचं विणकाम मात्र आपल्याकडे तसं अलीकडचं. मिशनच्या मुलींच्या शाळांत ते शिकवत. पुढे रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन काढलं, तिथं बायकांना शिवण-विणकाम शिकता आलं. क्रोशा हा शब्दच फ्रेंच आहे, त्याचा अर्थ लहानसा आकडा. पण आपल्या बायकांनी त्याला अगदी आपलं करून टाकलं. साखळी, खांब, मुका खांब ही टाक्यांची नावं बघा ना, जशी काही घराची नावं. तिथून ते रुखवतात आलं. आमच्या लहानपणी रुखवतात क्रोशाचा रुमाल नाही असं लग्न नव्हतं. नवरी काय शिकली हे विचारायच्या आधी रुमालाचे टाके बघायचे. हे काही फार चांगलं होतं असं नाही. आवडीचं काम तिथं परीक्षेचं झालं होतं.

आता त्या वादाकडे येतो.

गेल्या वर्षी श्रावणात एक व्यापारी गटाकडे आला. त्याला दिवाळीसाठी क्रोशाची दारावरची तोरणं हवी होती, दोनशे. दोरा तो देणार, नगाला साठ रुपये मजुरी. गटात उत्साह आला. बारा हजार रुपये, तेही घरबसल्या! क्रोशा येणाऱ्या आठ जणी निघाल्या, आणि त्यांनी काकूंना पुढे धरलं, कारण किनारीचा अवघड भाग त्यांनाच येत होता. काकू म्हणाल्या, मी करणार नाही.

बैठकीत गलका झाला. एक जण म्हणाली, काकू तसंही विणतातच की, मग पैसे मिळाले तर काय बिघडलं? दुसरी म्हणाली, रिकाम्या वेळेचं तर काम आहे. ह्या 'रिकाम्या वेळे'वर आम्ही थांबलो. गटाचा हिशेब लिहिणं हे आमचं कामच आहे, तेव्हा म्हटलं हाही हिशेब मांडू. काकूंना एका तोरणाला किती वेळ लागतो? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, अकरा तास. दोनशे तोरणांचे झाले बावीसशे तास. आठ जणींत वाटले तर एकीला पावणेतीनशे. दिवाळीला तीन महिने, म्हणजे रोज तीन तासांपेक्षा जास्त, एकही सुट्टी न घेता, आणि मध्ये सोयाबीनची काढणी. एकीच्या हातात येणार पंधराशे रुपये. तासाला साडेपाच रुपयेसुद्धा नाहीत. आमच्याकडे काढणीला बाईला दिवसाचे तीनशे मिळाले. पंधराशे म्हणजे काढणीचे पाच दिवस.

फळ्यावर हे आकडे लिहिले तेव्हा बैठक जरा शांत झाली. मग काकू बोलल्या. त्या फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "आवं ताई, दिवसभर दुसऱ्याच्या हुकमावर राबायचं. ही सुई तेवढी माझ्या हुकमावर चालते. तिलाबी टार्गेट लावता का?"

टार्गेट हा आमचाच शब्द. दर महिन्याला आम्हीच तो गटात घेऊन जातो.

मैत्रिणींनो, रिकामा वेळ म्हणजे काय ते एकदा आकड्यांत बघा. केंद्र सरकारनं लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली आहे, कोण कशात किती वेळ घालवतं याची. 2024 च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो असं दिसलं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा 88 मिनिटं. 2019 मध्ये हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांचीही नऊ वाचली! शेतातलं, मजुरीचं काम यात धरलेलं नाही. एवढं सगळं वजा करून काकूंकडे जो तास-दीड तास उरतो, तो कुणी त्यांना दिलेला नाही. झोप कमी करून, वाट बघण्याचे तुकडे गोळा करून तो त्यांनी काढलाय. त्याला रिकामा म्हणणं हे आम्हाला पटत नाही.

आणि हा शब्द नुसता चुकीचा नाही, महागात पडणारा आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठी नरसापूर नावाचं गाव आहे. तिथल्या बायका शंभराहून जास्त वर्षं क्रोशाची लेस विणतात. मिशनऱ्यांनी शिकवली, पुढे व्यापारी आले आणि ती लेस परदेशात जाऊ लागली. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथं राहून त्या बायकांच्या कामाचा अभ्यास केला, 1982 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांना काय दिसलं? बायका दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या, पण सगळे त्यांना 'घरी बसणाऱ्या' म्हणत होते आणि लेसला फावल्या वेळेचं काम. फावल्या वेळेचं म्हटलं की मजुरी किती द्यायची हा प्रश्नच उरत नाही. देईल ती घ्यायची. लेस विकून पैसा मिळवणारे वेगळेच होते. साठ रुपये नगाचा व्यापारी वाईट माणूस होता असं आम्ही म्हणत नाही, बोलायला अगदी गोड होता. पण त्याचा सगळा हिशेब आपल्या 'रिकाम्या वेळे'वर उभा होता.

यात आणखी एक बाजू आहे, आणि ती आम्ही लपवणार नाही. त्या आठ जणींत दोघी अशा होत्या की त्यांना ते काम खरंच हवं होतं. एकीचे गुडघे गेलेत, काढणीला वाकता येत नाही. दुसरी बाळंतीण होती. त्यांच्यासाठी तीनशे रुपये रोजाची तुलना उपयोगाची नव्हती, कारण तो रोज त्यांना मिळणारच नव्हता. त्या चिडल्या, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. व्यापाऱ्याकडे नगाला दीडशे मागून बघितले. तो हसला आणि दुसऱ्या गावाला गेला. मग काकूंनीच त्या दोघींना बाळाचा टोपडं-मोज्यांचा जोड शिकवला. सहा तासांत होतो. तासाला पंचवीस रुपये धरायचे, दीडशे झाले, साठची लोकर, किंमत दोनशे दहा. सेनगावच्या बाजारात दोनशे दहा म्हटलं की लोक मागे सरकतात. शाळेतल्या बाई, नर्स ताई अशा महिन्याला चार-पाच जोड घेतात. फार नाही. पण किंमत सांगताना तास मोजून सांगतात आणि खाली उतरत नाहीत. परवा एकीनं आम्हाला विचारलं, "ताई, फोन लावून धागा मागवायचे अर्धा तास गेला, तो धरायचा का?" आम्ही म्हटलं, धरायचा.

काकूंचा मात्र एकही नग विकायला नसतो. मग इतकं विणून करतात काय? हे आम्हाला खूप जणी विचारतात, विशेषतः पुरुष मंडळी. बरंचसं उसवतात. मनासारखं नाही झालं की सरळ धागा ओढायचा, ह्यात त्यांना जराही वाईट वाटत नाही. बाकीचं देतात. गटातल्या प्रत्येकीच्या पहिल्या नातवंडाला काकूंचं टोपडं गेलंय. नवीन नमुना मिळाला की तो जमेपर्यंत त्यांना चैन नसतं. एकदा त्यांनी आम्हाला सांगितलं की टाके मोजताना दुसरं काही मोजता येत नाही. औषधाचा खर्च नाही, सोसायटीचं कर्ज नाही. गंगाखेडच्या जनाबाई दळताना गात होत्या, आपल्या आज्यांनी जात्यावर ओव्या रचल्या, त्याचे कुणी पैसे दिले नव्हते. जातं गेलं, गिरणी आली. काकूंना आम्ही एकदा म्हटलं, तुमची सुई म्हणजे तुमचं जातं. त्या म्हणाल्या, "जात्यानं खांदे दुखायचे, हिनं मान दुखते."

आवडीनं विणणाऱ्या बायका एकत्र आल्या तर काय होतं त्याची एक गंमत सांगतो. 2016 च्या जानेवारीत चेन्नईत क्रोशा करणाऱ्या बायकांनी घरोघरी विणलेले चौकोन जोडून एक पांघरूण केलं. 11,148.5 चौरस मीटर. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर पावणेतीन एकर! काकूंना हे सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धुवायचं कुठं?"

आणखी मागे, 1962 च्या चीनच्या युद्धात देशभर बायकांनी आणि शाळेतल्या पोरींनी जवानांसाठी स्वेटर, मोजे विणले होते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, कुणाला तरी आठवत असेल.

शेवटची गोष्ट सांगायला आम्ही जरा थांबलो होतो, कारण विषय नाजूक आहे. शेजारच्या गावच्या एका बाईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. एक बाजू काढावी लागली. बऱ्या होऊन घरी आल्या, पण बाहेर पडेनात. ब्लाउजमध्ये कापडाचा बोळा घालायच्या. तो सरकायचा, म्हणून पदर घट्ट ओढून, खांदा पुढे काढून चालायच्या. दुकानात मिळणारा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन त्यांना परवडणारा नव्हता, आणि तो मागायचा कुणाजवळ? आम्हाला माहीत होतं की मुंबईतल्या साईशा इंडिया फाउंडेशन ह्या संस्थेसाठी बायका असे स्तन सुती धाग्यानं विणतात आणि गरजू बायकांना मोफत देतात. ही पद्धत आता बऱ्याच देशांत आहे. आम्ही मोबाईलवर काकूंना त्याचा नमुना दाखवला. एवढंच केलं.

काकूंनी चार दिवसांत तीन करून बघितले. पहिला मोठा झाला, दुसऱ्याची शिवण टोचत होती. ते दोन्ही उसवले. तिसरा जमला. मऊ सूत, कारण जखमेच्या जागची कातडी फार नाजूक असते, तिथं ॲक्रिलिक नको. आत उशीत भरतात तो हलका तंतू, मागच्या बाजूला छोटी जागा उघडी, म्हणजे भरण कमी-जास्त करता येतं. हातानं धुता येतो, वाळतो. डॉक्टरांनी जखम पूर्ण भरली असं सांगितल्यावर त्या बाईंनी तो घातला. काकूंनी पैसे घेतले नाहीत. त्या बाईंनी आग्रहानं शेर-दीड शेर तूर दिली, ती मात्र घेतली. त्या बाई आता आठवडी बाजाराला येतात. परवा दोघी स्टँडवर एकत्र बसलेल्या दिसल्या, काकू विणत होत्या आणि त्या बाई गुंडा धरून बोलत होत्या.

तोरणांचं काम घेतलं असतं तर त्याच दिवसांत काकूंचे रोजचे तीन तास किनारीत गेले असते. हे आम्ही नंतर बैठकीत बोललो. त्या गुडघेवाल्या मावशी तेव्हाही म्हणाल्या की तुमचं खरं असेल, पण माझे पंधराशे गेले ते गेले. आम्ही ते इतिवृत्तात तसंच लिहिलं.

तुमच्या गावात किंवा ओळखीत ऑपरेशन झालेली अशी कुणी बाई असेल तर तिचं नाव न सांगता आमच्या गटाच्या कार्यालयात या. मापाचं काय ते काकू तुम्हाला सांगतील, जाहीर काही होणार नाही. छातीत किंवा काखेत गाठ लागली, स्तनाग्रातून पाणी-रक्त आलं, कातडी ओढल्यासारखी दिसली तर दुखायची वाट बघू नका, बहुतेक वेळा ती गाठ सुरुवातीला दुखत नाही. दवाखान्यात दाखवा, लाजू नका.

आणि ज्यांना नुसतं विणायला शिकायचंय त्यांनी दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी बैठक संपल्यावर थांबा. एक गुंडा आणि दोन सुया आणा, सायकलच्या तारा असल्या तरी चालतील, फक्त टोकं घासून आणा. पहिले दोन गुरुवार काकू सुलट टाक्याशिवाय काही शिकवत नाहीत, त्यांच्याशी वाद घालू नका. हळदीच्या दिवसांत येणार असाल तर गडद रंग आणा. नमस्कार.